‘न्हाई’ लिहिणारी माणसं

५ जून, सोमवार

दुपारी खुर्चीतच डोळा लागला. स्वप्नात मांजरा नदीला भरपूर पाणी, आणि पाण्यावरून दुकानांच्या पाट्या वाहत चाललेल्या. क्लासच्या, मेडिकलच्या, खानावळीच्या. त्यात आमच्या ‘वेशीवर’ या बातम्यांच्या पोर्टलचीही पाटी, उताणी. मी काठावरून तिला हात करतेय, गाडीत बसलेल्या पाहुण्याला करतात तसा.

फोनने जाग आली. नांदेडहून मोईनभाई. "विद्याताई, उभ्या हाव का बसल्या? बसा आधी."

पोर्टल विकायचं ठरलंय. घेणारे हैदराबादचे. अशी बरीच छोटी पोर्टलं घेतलीत म्हणे त्यांनी, सगळ्यांचं मिळून एक मोठं करणार.

मोईनभाई मालक आहेत हे आज लक्षात आलं. इतकी वर्षं ते नुसते मोईनभाई होते, नांदेडचं बघणारे, आणि मी लातूरचं बघणारी. बातमी, फोटो, व्हिडिओ, आणि बाई नाही आली तर झाडूसुद्धा.

एकच विचारलं, "पान राहील ना?"

"पान कुठं जातंय," म्हणाले, आणि खोकला आल्यासारखं करून फोन ठेवला.

९ जून, शुक्रवार

एसटीने नांदेड. अहमदपूरला गाडी बराच वेळ उभी. खिडकीतून जांभळं घेतली आणि खात बसले, त्यामुळे हैदराबादच्या लोकांसमोर जांभळी जीभ घेऊन गेले. तोंड कमी उघडलं. बरंच झालं.

दोघे होते. सभ्य. त्यांना पान म्हणजे काय ते सांगावं लागलं. लातुरात आजवर कुणाला सांगावं लागलं नव्हतं. म्हटलं, जमीन हलली असं वाटलं की लोक आमच्या पानावर येतात. गावाचं नाव लिहितात, पुढे एक शब्द. ‘हललं’ किंवा ‘न्हाई’. कुणी जास्तीचं लिहितं. भांडी वाजली. पत्रे वाजले. म्हैस उठून उभी राहिली.

"मग सरकारी नोंद बघत नाहीत का?"

"ती बघतात की. पण ती यायला वेळ लागतो. तोवर काय करायचं?"

"यातून मिळतं काय?"

"झोप," म्हटलं. त्यांना विनोद वाटला. हसले.

निघताना मोईनभाई जिन्यापर्यंत आले. गोदावरीवरून वारा येत होता, त्यांची दाढी हलत होती. "विद्याताई, आपुन दुकान विकून नाही राहिलो. दुकानाला मोठा दरवाजा बसवून राहिलो." डोळे मात्र माझ्याकडे नव्हते. मग हळूच, "थकलो ओ." हे मात्र खरं होतं. रागवायचं ठरवून गेले होते, ते राहूनच गेलं.

२१ जून, बुधवार

नवीन गळपट्टी आली, ओळखपत्रासकट. फोटोत मी झोपेत असल्यासारखी. म्हणजे बरोबर आलाय.

कंपनीकडून ईशा नावाची मुलगी आता आमचं बघणार. पुण्याची, बसते हैदराबादला. व्हिडिओवर बोलली. हुशार आहे, आणि ऐकून घेते. पानावरच्या जुन्या नोंदी सगळ्या वाचून आली होती. हे कुणीच केलं नव्हतं, मी सोडून.

तिने विचारलं, "मॅडम, ज्यांना काही जाणवलंच नाही, ती माणसं ‘न्हाई’ लिहायला कशाला येतात?"

खिडकीबाहेर बघत बसले. समोर मुलींचं होस्टेल. कठड्यांवर ओढण्या वाळत होत्या, आणि त्यांच्यामागे एक जण मोठ्याने हृदयाचे कप्पे पाठ करत होती. म्हटलं, "शेजारी विचारतो म्हणून." ईशाने ते लिहून घेतलं. पण मला जे सांगायचं होतं ते हे नव्हतं.

२ जुलै, रविवार

आईकडे. निलंग्याच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, सबंध वाट अर्धी झोपेत. शेतं मागे जात होती की मी, कळत नव्हतं.

आई तशीच. पुनर्वसनातलं घर झाडून-पुसून लख्ख, आणि झोपायला शेजारची पत्र्याची शेड. भूकंपाला तीस वर्षं झाली. मी मोठी झाले, नोकरीला लागले, गावात ज्यांनी घरांवर मजले चढवले त्यांची नातवंडंही आता शाळेत जातात. आई स्लॅबखाली झोपत नाही. "घर पाहुण्याला हाय," म्हणते.

आज जेवताना पुन्हा एकदा सांगितलं तिने. विसर्जनाच्या मिरवणुकीत उभं राहून ती घरी आली, अंग टाकलं, आणि पहिल्या झोपेत पायात हललं. तिला वाटलं पाय भरून आलेत. कूस बदलली. पहाटे बाबा गेले, धाकटी गेली. मी तिच्या पोटाशी होते म्हणून राहिले. दरवेळी ती हे सांगते आणि दरवेळी शेवटी पायांकडे बघते. त्यांनी सांगितलं होतं आणि हिने ऐकलं नाही, असं.

तेव्हापासून तिच्या पायात सारखं हलतं. कधी महिन्यात एकदा, कधी रोज. डॉक्टर नस म्हणतात. आधी ती मला फोन करायची, "हललं का ग?" मी इकडे-तिकडे फोन लावायचे, औशाला, उदगीरला, मग तिला सांगायचे. त्यातूनच तर हे पान निघालं. मोईनभाईंना म्हटलं होतं, माझ्या आईसारख्या लई जणी असतील. होत्या.

आता ती स्वतःच बघते. अंगणवाडीत कामाला होती, वाचता येतं. पानावर ओळीने ‘न्हाई’ आले की म्हणते, "मंग माझ्याच पायात हाय." आणि झोपते. स्वतः कधी काही लिहीत नाही. पायांवर विश्वास नाही तिचा.

ईशाला हे सांगायला हवं होतं. ‘न्हाई’ कशाला, तर यासाठी.

१८ जुलै, मंगळवार

नवीन पान आलं. देखणं आहे, खोटं कशाला बोला. मराठवाड्याचा काळा नकाशा, गाव दाबलं की तिथे पिवळा ठिपका उजळतो. पहिल्यांदा बघताना मी हरखले. गोदावरीच्या काठाने दिवे सोडलेत असं वाटलं. खूप वेळ बघत राहिले.

मग लक्षात आलं, बटण एकच आहे. ‘हललं’. ‘न्हाई’ कुठेच नाही.

ईशाला फोन. म्हणाली, काही घडलं नाही ही माहिती ठेवता येत नाही असं वरचे म्हणाले. ठिपका कशाचा दाखवायचा? म्हटलं, काळा नकाशा दिसला तर माझ्या आईला कसं कळायचं, हललं नाही की लोक शेतात आहेत? "मी बोलते वर," म्हणाली. बोलेलही. पण वर किती मजले आहेत ते तिलाही माहीत नसावं.

संध्याकाळी आईचा फोन. "पान काळं दिसतंय ग. समदे कुठं गेले?"

४ ऑगस्ट, शुक्रवार

आज हसू की काय करू. आम्हाला घेणारे हैदराबादवाले, त्यांनाच कुणीतरी घेतलं. घेणारे क्लासवाले. इथले नाहीत, मोठे, देशभर शाखा असलेले. त्यांना मुलांच्या फोनमध्ये शिरायचंय आणि लातूरच्या मुलांच्या फोनमध्ये आम्ही आधीच बसलोय, म्हणून. नवी गळपट्टी, नवा रंग. जुन्या दोन खुंटीवर आहेतच. एखाद्या सकाळी तिन्ही घालून जावं म्हणते.

दुपारी ट्यूशन एरियातून चालत आले. दोन्ही बाजूंनी फलक, फलकांवर पोरापोरींचे चेहरे, सगळे पहिले आलेले. उन्हात ते चेहरे हवेत तरंगतायत असं वाटत होतं, आणि खाली खऱ्या पोरी दप्तरं घेऊन मान खाली घालून चाललेल्या. भूकंपानंतर या शहरात बाहेरून माणसं आली ती मदतीला. आता येतात ती शिकवणीला. त्यांच्या आया त्यांना होस्टेलवर सोडताना पहिल्यांदा स्लॅबकडे बघतात. मी पाहिलंय.

मोईनभाईंना फोन करून सांगितलं की आपल्या मालकाला मालक मिळाला. म्हणाले, "ताई, मला यातलं काई सांगितलं नव्हतं. कसम से." विश्वास आहे.

१७ ऑगस्ट, गुरुवार

आज लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

दुपारी सगळ्यांच्या फोनवर एकदम घंटी वाजली. आमच्याच पोर्टलकडून. "लातूर हललं!" बस, एवढंच. खाली बारीक अक्षरात क्लासच्या नव्या बॅचची, शिष्यवृत्तीच्या परीक्षेची जाहिरात. ते बारीक अक्षर कोण वाचतं?

समोरच्या होस्टेलमधून मुली जिन्यांवरून धावत खाली आल्या. कुणी अनवाणी, कुणाच्या हातात ताट. माहूरकडच्या, बिदरच्या, कुठल्या कुठल्या. ज्यांच्या जन्माआधीची गोष्ट, त्याही धावल्या, कारण इथे आल्याबरोबर पहिला शब्द त्यांना हाच शिकवला जातो. दुकानदार शटर अर्धं सोडून रस्त्यावर. सगळे वर बघत होते, इमारतींकडे. पाय कुणालाच काही सांगत नव्हते. मीही उभी होते त्यांच्यात, फोन हातात, आणि मला कळत होतं की ही ओळ माझ्याच घरातून आली आहे.

आईला फोन मीच लावला. ती कडुनिंबाखाली बसलेली. आवाज बारीक.

"मला काईच कळलं न्हाई ग. पायात बी न्हाई. फोन म्हनतोय हललं, आन् पायात काई न्हाई. पाय बी गेले का माझे?"

सांगितलं, जाहिरात होती. तिला कळेना. "जाहिरात कशाची? हलल्याची?"

मला रडू आलं, आणि राग आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे एकही नीट करता आलं नाही.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

ईशाने सकाळीच फोन केला. माफी मागितली, मनापासून. क्लासच्या जाहिरातवाल्यांनी पाहिलं की आमच्याकडचा ‘हललं’ हा शब्द असलेला निरोप जो तो लगेच उघडतो. म्हणून घेतला. "त्यांना वाटलं, शहर हलवून सोडलं म्हणतात ना, तसं." तिला कुणी विचारलंच नव्हतं.

म्हटलं, तुला विचारलं असतं तर?

"थांबवलं असतं. तुमच्या आईंमुळे." मी तिला कधीतरी सांगितलं होतं तर. बरं वाटलं.

दुपारी पान बंद. वरून हुकूम. लोकांत घबराट नको म्हणून. जाहिरात चालू आहे, शब्द बदलून.

५ सप्टेंबर, मंगळवार

पान नसलेले दिवस. निलंग्याकडे खरंच थोडं हललं म्हणे मधे एकदा, दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी. लोक मलाच फोन करतात. मी म्हणते, माहीत नाही. हे दोन शब्द मी इतके कधी वापरले नव्हते.

आज ईशा स्वतः लातूरला आली. होस्टेलखालच्या हॉटेलात मुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला तिने, तिखट लागला, डोळ्यात पाणी. मग मुद्द्याचं बोलली. पान परत येऊ शकतं. क्लासच्या ॲपच्या आत. दोन्ही बटणं मिळतील, ती त्यांच्याशी भांडली आहे. मी सांभाळायचं, नाव माझं. फक्त तो शब्द मिळणार नाही. ‘हललं’ त्यांनी रोजच्या प्रश्नमंजूषेला घेतलाय. ‘डोकं हललं का?’

मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचे वळले. म्हटलं, अगं, आमच्याकडे डोकं हललं म्हणजे वेड लागलं. ती कपाळाला हात लावून बसली. पण ते आता कंपनीच्या नावावर झालंय. पानावर असेल ‘जाणवले’ आणि ‘जाणवले नाही’.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

तर पान राहणार नाही. नोकरी सोडून मी वेगळं काढायचं म्हटलं, तर आधी करारावर केलेल्या सहीप्रमाणे काही काळ तसलं काही काढता येत नाही. हे सांगताना तिने नजर चुकवली नाही. महिनाअखेर कळवा म्हणाली.

रात्रीच्या गाडीने परत गेली. जाताना म्हणाली, मी इथे एकच दिवस राहिले, पण सारखी जमिनीकडे बघत होते. म्हटलं, होतं तसं.

६ सप्टेंबर, बुधवार

आईला विचारलं. जाणवले असं लिहिलं तर चालेल का?

"जानवलं म्हंजे? ते पावन्याला म्हनतात. थंडी जानवली का. भुई हलती."

मग, "पर तू बघ बाई. तुझी नोकरी हाय."

मोईनभाईंनाही विचारलं. म्हणाले, शब्द घेऊन काय करता ताई, पान घ्या. नंतर पुन्हा स्वतःच फोन केला, नका घेऊ म्हणाले. तिसऱ्यांदा केला तेव्हा नुसतं तब्येतीचं बोलले.

१९ सप्टेंबर, मंगळवार

गणपती बसले. समोरच्या मुलींनी होस्टेलच्या जिन्याखाली छोटा मांडलाय, पुढ्यात नोटांचे गठ्ठे. शिकवणीच्या नोट्स. मला हाक मारून प्रसाद दिला.

दुपारी झोपेत पुन्हा नदी. या वेळी पाट्या नव्हत्या. पाण्यावर शब्द वाहत होते, सुटे, आणि काठावर कंपनीची माणसं जाळी घेऊन बसलेली. मी एकेक शब्द हाताने पुढे ढकलत होते, जाळीच्या खालून. ‘पत्रे वाजले’ निसटलं. ‘म्हैस उठली’ निसटलं. ‘न्हाई’ला कुणी हातच लावत नव्हतं, तो आपला आरामात चाललेला. उठले तेव्हा ओठांवर हसू होतं, आरशात दिसलं.

गणपतीचे दहा दिवस आई कमी बोलते. मी रोज फोन करते. ती रोज विचारते, "पान आलं का?"

२८ सप्टेंबर, गुरुवार

विसर्जन. तिथीने आजचाच दिवस तो.

दुपारपासून ढोल. खिडकीच्या काचा वाजत होत्या, टेबलावरचं पाणी थरथरत होतं. मुली गुलाल खेळून आल्या, जिना गुलाबी. ईशाचा निरोप, घाई नाही पण उद्या कळवलं तर बरं. कागद समोर उघडून बसले. सही करायची जागा मोठी ठेवलीय. सहीच्या जागेकडे बघत बसलं की पेंग येते, मला तरी.

दिवस कलता मिरवणूक पुढच्या चौकाकडे गेली. ढोल लांब गेले, मग थांबले, कुठेतरी गाडी अडकली असणार. एकदम सगळं गप्प. त्या गप्पपणात मला खुर्चीत बसल्या बसल्या... काय ते सांगता येत नाही. पायाखालून कुणीतरी हलकेच कूस बदलल्यासारखं. की ढोल अजून अंगात होता. पाण्याच्या पेल्याकडे बघितलं. स्थिर. पण मी उशिरा बघितलं.

आणि फोन. आई.

"हललं का ग?"

"थांब, बघते," म्हटलं. सवयीने. बोट फोनवर गेलंसुद्धा. बघायला काहीच नव्हतं. ना काळा नकाशा, ना पिवळा ठिपका, ना एखादा औशाचा माणूस, ना ‘न्हाई’ म्हणणारं कुणी. खाली वाकून फरशीवर हात टेकला. फरशी गार होती. पलीकडे आई वाट बघत होती, तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मला माहीत होतं की ती आत्ता स्वतःच्या पायांकडे बघत असणार.

"मला बी हललं, आई," म्हटलं.

इतक्या वर्षांत मी तिला हे कधी म्हटलं नव्हतं. मी नेहमी इतरांचं सांगायचे.

"तुला बी?"

"हाव."

"मंग पायात न्हवतं तर माझ्या." आवाज मोकळा झाला तिचा. "मी भाईर येऊन बसते अंगनात. तू बी जा भाईर. वर नगं थांबू." मग फोन ठेवता ठेवता, "पानावर लिव मंग. कुनी वाट बघत असंल."

खरं बोलले की खोटं, मला माहीत नाही. खाली आले. मुली जिन्यावर बसून पायांचा गुलाल धूत होत्या, कुणीही घाबरलेलं नव्हतं. विचारावंसं वाटलं, विचारलं नाही. चौकाकडे ढोल पुन्हा सुरू झाला होता.

ईशाला काय कळवायचं ते ठरलेलं नाही. कागद तसाच आहे. पण आईने लिही म्हटलंय, तर इथेच लिहिते.

लातूर, ट्यूशन एरिया. हललं.
निलंग्याकडचं आमचं गाव. हललं.
बाकीच्यांनी अजून काही सांगितलं नाही.